ॲक्रिलिकची मोठी टाकी : जोड पक्का तर रोजी पक्की

शोभेच्या माशांच्या धंद्यात आपल्या समाजातील बरेच लोक आहेत. कोणी मासे विकतो, कोणी टाक्या बनवितो, कोणी महिन्याच्या बांधणीवर साफसफाई करतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांतून फिरले तरी याची कल्पना येते. पूर्वी हे काम काचेचे होते. दोन-तीन फुटांची काच, सिलिकॉनची नळी, आणि संध्याकाळी टाकी गिऱ्हाइकाच्या घरी. आता हॉटेल, दवाखाने, शोरूम आणि मोठ्या फ्लॅटचे मालक सहा फूट, आठ फूट टाकी मागतात. इतकी मोठी काच जड होते, वाहतुकीत फुटते, म्हणून ॲक्रिलिकची मागणी होते. २०१५ साली मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे नूतनीकरण झाले तेव्हा तेथे ॲक्रिलिकचा बोगदा बसविण्यात आला होता. तो पाहून आलेल्या कित्येक गिऱ्हाइकांनी "तसेच काहीतरी करून द्या" अशी फर्माईश कारागिरांकडे केली.

नामफलक आणि शोकेस बनविणारे आपले अनेक कारागीर बंधू याच वाटेने टाकीच्या कामात आले. शीट तीच, केमिकल तेच, हत्यारे तीच. परंतु नामफलकाचा जोड सुटला तर अक्षर खाली पडते. टाकीचा जोड सुटला तर हजार लिटर पाणी खाली येते. हा फरक प्रस्तुत लेखकाने नुकसान सोसून शिकला आहे, म्हणून हा लेख.

एक चूक आणि तिची किंमत

काही वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरील एका दवाखान्यासाठी पाच फुटांची टाकी बनविली होती. पावसाळ्याचे दिवस होते. खालच्या एका जोडात पांढरट डाग आणि बुडबुड्यांची रांग दिसत होती. जोड कापून पुन्हा करायचा तर शीट वाया जात होती आणि चार दिवस मोडत होते. म्हणून आतून एक पट्टी चिकटवली, बुडबुडे झाकले गेले. डॉक्टरसाहेबांनी विचारले तेव्हा सांगितले, "पट्टी मारली आहे, आता चिंता नको." पाच महिन्यांनी रात्री त्याच पट्टीच्या टोकाशी गळती सुरू झाली. टाकी फुटली नाही, कोणाला इजा झाली नाही, अल्हम्दुलिल्लाह. मात्र खालच्या कापडाच्या दुकानातील माल भिजला. भरपाई देताना त्या वर्षीचा नफा गेला. पैसा पुढे कमावता आला. "चिंता नको" हे शब्द मात्र परत घेता आले नाहीत.

त्यानंतर या विषयाचा जो अभ्यास केला, त्याचा सार एका वाक्यात सांगता येतो. पट्टी चांगल्या जोडाला बळ देते, वाईट जोडाला फक्त झाकते.

पाणी जोडाला कसे तोडते?

आठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी घेऊ. मीटरमध्ये ती २.४ × ०.६ × ०.७५ होते. पूर्ण भरली तर पाणी सुमारे १,०८० लिटर, म्हणजे तेवढेच किलो. पुढच्या मोठ्या शीटवर या पाण्याचा एकूण दाब साधारण ६७५ किलो पडतो. हा दाब सगळीकडे सारखा नसतो. वर पृष्ठभागाशी शून्य आणि तळाशी सर्वांत जास्त असतो, त्यामुळे मुख्य जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर बसतो.

आता खालच्या जोडाकडे पाहू. शीट १८ मिलिमीटर जाडीची असेल तर २.४ मीटर लांबीच्या जोडाचे क्षेत्रफळ ४३२ चौरस सेंटिमीटर भरते. सगळा ६७५ किलो भार सरळ या जोडावर टाकला तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरला अवघा दीड किलो ताण येतो. चांगल्या कास्ट ॲक्रिलिकची स्वतःची ताकद मात्र चौरस सेंटिमीटरला ७०० किलोच्या आसपास असते. मग जोड सुटतो का?

कारण पाणी जोडाला सरळ ओढत नाही, ते त्याला उचकटते. ॲक्रिलिक काचेपेक्षा वीस पटींहून अधिक लवचीक आहे. पाणी भरले की मोठी शीट मधोमध फुगते, वरची कड बाहेर झुकते आणि तळाचा जोड पुस्तक उघडावे तसा आतल्या बाजूने उघडू लागतो. डब्याचे झाकण सरळ ओढून निघत नाही, पण कडेला चमचा घातला की चटकन निघते. येथे पूर्ण शीट चमच्याचे काम करते.

वरची कड मोकळी सोडली तर या उचकटण्यामुळे जोडाच्या आतल्या कडेवर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३० किलो ताण येतो. वर भक्कम चौकट बसवली तर तो ५० च्या आसपास उतरतो. तळाच्या कोपऱ्यात आतून एक इंची पट्टीही नीट बसवली तर तो १० च्या खाली येतो. हिशेब ढोबळ आहे, मधल्या भागाचा आहे, बाजूच्या शीटचा आधार त्यात धरलेला नाही. तरीही १३०, ५० आणि १० हे आकडे प्रत्येक कारागिराने कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. ॲक्रिलिक वर्षानुवर्षे ताणाखाली राहिले की हळूहळू वाहते आणि त्यात केसासारखे तडे पडतात. म्हणून जाणकार लोक ५० च्या आसपासचा ताणसुद्धा मर्यादेवरचा मानतात.

आणखी एक गोष्ट. टाकीची लांबी वाढली म्हणून पाण्याचा दाब वाढत नाही, उंची वाढली की वाढतो. उंची दुप्पट झाली तर शीटवरचा भार चौपट होतो आणि जोड उचकटण्याचा जोर आठपट होतो. गिऱ्हाईक सहज म्हणते, "लांबी राहू द्या, फक्त फूटभर उंच करा." या 'फक्त' शब्दात सगळा धोका असतो.

बळकटी कोठे द्यावी?

पहिली जागा वर. वरची चौकट चार पट्ट्या जोडून करू नये, एका अखंड शीटमधून कापून काढावी. तिन्ही-चारही बाजूंनी तीन-चार इंच रुंदी ठेवावी आणि साधारण दर दोन फुटांवर आडवा पट्टा सोडावा. हात घालण्यासाठी जी भोके कापतो त्यांचे कोपरे गोल असावेत. काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. अनेक जण ही चौकट झाकण ठेवण्यासाठी आहे असे समजतात. खरे तर तळाचा जोड वाचविणारी पहिली वस्तू तीच आहे.

दुसरी जागा आतल्या कोपऱ्यात. तळाचे चारही जोड आणि चारही उभे कोपरे येथे कास्ट ॲक्रिलिकची एक इंची पट्टी बसवावी. पट्टी त्रिकोणी किंवा चौकोनी चालते. चौकोनी असेल तर जोडाकडची धार रंध्याने थोडी मारून घ्यावी. जोडातून बाहेर आलेल्या केमिकलची बारीक रेघ तेथे असते, तिच्यावर पट्टी अडली तर दोन्ही बाजूंनी चिकटत नाही. पट्टीमुळे जोडाची रुंदी १८ वरून ४३ मिलिमीटर होते आणि उचकटण्याला विरोध पाचपटीहून अधिक वाढतो.

तिसरी जागा टाकीच्या खाली. तळ स्टँडवर सगळीकडे सारखा टेकला पाहिजे. लोखंडी अँगलच्या चौकटीवर टाकी नुसती कडांवर ठेवली तर तळ खाली वाकतो आणि जोड खालून उघडतो. जाड प्लाय, त्यावर थर्माकोल किंवा फोमची शीट, आणि चारही बाजूंनी लेव्हल तपासून मगच टाकी ठेवावी. पाणी, शीट आणि स्टँड मिळून या टाकीचे वजन सव्वा टनाच्या पुढे जाते. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर इमारतीच्या इंजिनिअरला विचारून घ्या असे गिऱ्हाइकाला लेखी सांगावे.

मूळ जोड कसा असावा?

बळकटी ही दुसरी पायरी. पहिली पायरी मूळ जोडाची आहे, आणि तेथे घाई चालत नाही.

शीट कास्ट हवी. एक्स्ट्रुडेड शीट स्वस्त पडते, पण केमिकल लागताच तिच्यात तडे पडण्याचा धोका जास्त. कापलेली कड राऊटरने किंवा धारदार रंध्याने सरळ आणि गुण्यात करावी. बोथट ब्लेडने शीट तापते. जोडाची कड ज्योत फिरवून कधीही चमकवू नये. हल्ली बरेच जण लेझरवर शीट कापून आणतात. कड आरशासारखी दिसते, मात्र उष्णतेने तिच्यात ताण बसलेला असतो. तिला केमिकल लागले की बारीक तडे दिसू लागतात. लेझरची कड राऊटरने एक-दोन मिलिमीटर उतरवून मगच जोडावी. ज्यांच्याकडे मोठी भट्टी आहे त्यांनी शीट सुमारे ८० अंशांवर जाडीप्रमाणे काही तास तापवून सावकाश थंड करावी, ताण निघून जातो.

जोडताना दोन शीटच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर अगदी बारीक तार ठेवावी, साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरची. सुईच्या बाटलीने पातळ केमिकल एका टोकापासून सोडत जावे, ते आपोआप आत ओढले जाते. अर्धा ते एक मिनिट थांबावे. दोन्ही पृष्ठभाग मऊ झाले की तारा काढून घ्याव्यात आणि शीट आपल्या वजनाने खाली बसू द्यावी. क्लॅम्पने आवळून केमिकल बाहेर काढू नये, जोड कोरडा पडतो. यात आपण काही चिकटवत नसतो. दोन्ही शीटचे वरचे थर विरघळून एक होतात आणि केमिकल उडून जाते. म्हणूनच येथे सिलिकॉनचा उपयोग नाही. ते काचेला घट्ट धरते, पण ॲक्रिलिकला टिकाऊ पकड देत नाही.

पावसाळ्यात विशेष काळजी घ्यावी. केमिकल झपाट्याने उडते तेव्हा पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील ओल त्यावर जमते. जोड पांढरा पडतो. प्रस्तुत लेखकाच्या टाकीत हेच झाले होते. दमट हवेत मोठा जोड करू नये. करायचाच असेल तर एसीने कोरड्या केलेल्या खोलीत करावा.

टाचणीच्या टोकाएवढे दोन-चार सुटे बुडबुडे चालतात. बुडबुड्यांची सलग रांग किंवा कडेला लागून आलेला पांढरा पट्टा चालत नाही. असा जोड कापून पुन्हा करावा. शीट गेली तरी अब्रू राहते.

कोपऱ्याची पट्टी

मूळ जोड निदान दोन-तीन दिवस वाळल्यावरच पट्टीचे काम घ्यावे. पातळ केमिकल फट भरू शकत नाही, आणि पट्टीला एकाच वेळी दोन पृष्ठभाग जुळवायचे असतात. म्हणून येथे दोन भाग मिसळून घट्ट होणारे ॲक्रिलिकचे सिमेंट वापरावे. ते स्वतःच ॲक्रिलिक बनते आणि फारसे आकसत नाही. अनेक कारखान्यांत ॲक्रिलिकचा भुसा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून घट्ट लगदा करतात आणि तोच कोपऱ्यात भरतात. तो वाळताना आकसतो आणि आत बुडबुडे सोडतो. शोकेसला ठीक, टाकीच्या भारासाठी नाही.

काम असे करावे :

१) टाकी तिरकी करून लाकडी ठोकळ्यांवर टेकवावी, म्हणजे कोपरा पन्हळीसारखा खाली येईल.

२) पट्टीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी. कोपरा स्वच्छ कोरड्या सुती कापडाने पुसावा. स्पिरिट किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे औषध लावू नये, ताणाखालच्या ॲक्रिलिकला त्यानेही तडे जातात.

३) सिमेंट सावकाश ढवळावे. फेस येऊ देऊ नये. बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबावे.

४) सिमेंटची सलग धार कोपऱ्यात सोडावी. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे टेकवत जावी, म्हणजे हवा पुढे सरकत बाहेर पडते. एकदम वरून दाबली तर हवा आत कोंडते.

५) एका वेळी एकच कोपरा करावा. तो घट्ट झाल्यावर टाकी फिरवावी. चिकटपट्टी सिमेंट पूर्ण कडक होण्यापूर्वी काढावी.

सगळे कोपरे झाल्यावर टाकी निदान आठवडाभर तशीच ठेवावी. हे दिवस दरात धरावेत. वेळ हासुद्धा माल आहे, तो फुकट देऊ नये आणि चोरूही नये.

आधी जीव सांभाळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या कामात क्लोरोफॉर्म आणि मेथिलीन क्लोराइड ही दोन केमिकल्स चालतात. क्लोरोफॉर्म यकृताला इजा करते. मेथिलीन क्लोराइड श्वासातून गेले की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, तोच वायू जो बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव घेतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२४ साली या केमिकलच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली.

दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, टाकीच्या तळाशी साचते. आणि कोपऱ्याची पट्टी बसविताना आपला कारागीर काय करतो? कमरेपर्यंत टाकीत वाकतो आणि डोके नेमके त्याच वाफेत घालतो. चक्कर येणे, डोके जड होणे, मळमळणे ही 'वासाची सवय' नसून विषाची खूण आहे. म्हणून टाकी आडवी करून बाहेरून काम करावे. तळाशी पाइप सोडून पंख्याने वाफ बाहेर ओढावी. एकट्याने काम करू नये. साधे रबरी हातमोजे या केमिकलपुढे टिकत नाहीत. कापडाचा मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. शिकाऊ पोरांना तर या कामाला लावूच नये. त्यांचा जीव त्यांच्या आईबापांनी आपल्याकडे अमानत म्हणून ठेवलेला असतो.

जुनी टाकी दुरुस्तीला आली तर

गळणारी जुनी टाकी आली की गिऱ्हाईक म्हणते, "एक पट्टी मारून द्या." आधी टाकी रिकामी करून उजेडात पाहावी. मूळ जोड स्वच्छ असून एका ठिकाणीच बारीक गळती असेल तर आतून पट्टीने काम होते. जोडात पांढरा पट्टा लांबवर पसरला असेल तर शीट काढून जोड नव्याने करावा लागतो. शीटमध्ये, विशेषतः जोडाजवळ, केसासारख्या तड्यांचे जाळे असेल तर ती टाकी पाण्यासाठी संपली. तसे स्पष्ट सांगावे.

दुरुस्तीपूर्वी टाकी पूर्ण वाळू द्यावी. ॲक्रिलिक वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंत पाणी शोषून घेऊ शकते. वरून पुसले म्हणजे कोरडे झाले असे नाही. पंख्याखाली काही दिवस ठेवावे, हॉट एअर गन मारू नये.

बर्लिन आणि दुबई

कोणी म्हणेल, आम्ही छोटे कारागीर, मोठ्या कंपन्या यंत्राने करतात, त्यांचे कधी बिघडत नाही. जर्मनीची राजधानी बर्लिन येथे एका हॉटेलच्या दालनात 'ॲक्वाडोम' नावाची गोल उभी ॲक्रिलिक टाकी होती. उंची सुमारे १५ मीटर, पाणी सुमारे दहा लाख लिटर, मासे जवळपास १,५००. तिचे नूतनीकरण करून २०२२ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा सुरू केली होती. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे सहाच्या सुमारास ती अचानक फुटली. पाणी रस्त्यापर्यंत गेले, दोघे जखमी झाले, जवळजवळ सर्व मासे मेले. वेळ पहाटेची होती म्हणून माणसे वाचली. दिवसा त्या दालनात गर्दी असे.

तज्ज्ञांचा अहवाल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला. नेमके एक कारण सिद्ध झाले नाही. तीन शक्यता सांगितल्या गेल्या : जोडाची शिवण सुटली असावी, तळाजवळ कामाच्या वेळी खाच पडली असावी, किंवा टाकी रिकामी ठेवून पुन्हा भरताना चूक झाली असावी. आपल्या कारखान्यातील तीन चुकाही याच आहेत : कच्चा जोड, हत्याराचा ओरखडा आणि वाळलेल्या जुन्या टाकीत घाईने भरलेले पाणी.

दुसरे उदाहरण दुबईचे. कोकणातील कित्येक घरांतील कोणी ना कोणी तेथे कामाला आहे, त्यांनी दुबई मॉलमधील मत्स्यालय पाहिलेच असेल. समोरचे ॲक्रिलिक ३२.८८ मीटर लांब, ८.३ मीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर जाड. आत एक कोटी लिटर पाणी. २०१० च्या फेब्रुवारीत तेथेही गळती झाली, आणि ती एका जोडाशीच झाली. तेथील देखभालीची माणसे हजर होती, त्यांनी ती लगेच बंद केली. पाऊण मीटर जाडीच्या ॲक्रिलिकची परीक्षासुद्धा जोडातच होते. बर्लिनची टाकी सूचना न देता गेली, दुबईची गळती वेळीच हाती लागली. म्हणून आठवड्यातून एकदा जोडांवरून कोरडा टिश्यू फिरविणे हा आपल्या बांधणीच्या कामाचा भाग असावा.

चाचणी आणि पावती

टाकी गिऱ्हाइकाकडे नेण्यापूर्वी कारखान्यात भरून पाहावी, आणि तिच्याच स्टँडवर. आधी पाव, मग अर्धी, मग पाऊण, मग पूर्ण, प्रत्येक टप्प्यावर एक दिवस. पूर्ण भरल्यावर सात दिवस ठेवावी. पुढच्या शीटसमोर दोरी ताणून मधला फुगवटा रोज मोजावा आणि लिहावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो स्थिर झाला पाहिजे. रोज थोडा थोडा वाढत असेल तर ती टाकी देऊ नये. पहिले पाणी फेकून द्यावे, मासे त्यात सोडू नयेत.

ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला हनफी फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. त्यात वस्तूचा प्रकार, माप आणि गुण आधी स्पष्ट ठरलेले असावे लागतात. आपल्याकडे टाकीची ऑर्डर बहुधा तोंडी असते आणि भांडण मात्र मोठे असते. पावतीवर शीटचा प्रकार व जाडी, वरच्या चौकटीची रुंदी, पट्ट्यांची संख्या, चाचणीचे दिवस आणि पाण्याची कमाल उंची लिहावी. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण पवित्र कुरआनने सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत दिली आहे. ती आपण वाचतो, बिलबुकात मात्र उतरवत नाही.

या सर्वाने दर वाढतो हे खरे. शेजारचा कारागीर चौकट अरुंद ठेवून, पट्टी गाळून आणि दुसऱ्याच दिवशी टाकी पोहोचवून कमी दर सांगेल. अशा वेळी गिऱ्हाइकाला १३०, ५० आणि १० चा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. बरेच जण समजतात. जे समजत नाहीत ते गेलेले बरे.

आतली ओल

मदीनेच्या बाजारातील प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसविणारा आपल्यापैकी नव्हे असे बजावले. धान्य भिजले हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, पाऊस त्याच्या हातात नव्हता. ओल झाकली हा गुन्हा होता.

आमच्या टाकीतही पावसाळी हवेची ओलच जोडात शिरली होती. तोही गुन्हा नव्हता. गुन्हा त्या पट्टीचा होता, जी बळकटीसाठी नव्हे तर झाकण्यासाठी लावली होती. त्या दिवसापासून एक नियम केला आहे. पट्टी चिकटविण्यापूर्वी गिऱ्हाइकाला कारखान्यात बोलावतो, दिवा धरतो आणि उघडा जोड दाखवतो. त्याने पाहिल्यावरच पट्टी बसते. यात अर्धा तास जातो. इन्शाअल्लाह, बरकत त्याच अर्ध्या तासात आहे.